बगळे गुरुजींचा सुबक सांगाडा

एका जंगलात, बाळांनो, हाडवैद्यकीची शाळा होती. शिकारी मचाणावरून पडायचे, त्यांची हाडं मोडायची आणि जंगलातले प्राणी ती बसवून द्यायचे. बरे झालेले शिकारी पुन्हा बंदूक घेऊन यायचे. पण प्राणी पडले सभ्य, त्याला कोण काय करणार?

शाळेत माणसाचा खराखुरा सांगाडा होता. तो कपाटात कुलूपबंद असे, कारण मुलांनी हात लावला तर खराब होईल, असं बगळे गुरुजींचं म्हणणं. मुलं फळ्यावरची आकृती उतरवत. गुरुजींनी ती त्यांच्या गुरुजींच्या फळ्यावरून उतरवली होती. रेघा पट्टीने माराव्यात, नावं उजवीकडे एकाखाली एक लिहावीत, की पैकीच्या पैकी मार्क.

वर्गातल्या काटेरी यमू साळूला मात्र खरोखरच हाडवैद्य व्हायचं होतं. तिच्या आईचा मोडलेला पाय असल्याच एका पहिल्या नंबरवाल्याने वाकडा बसवला होता. परीक्षेआधी तिने कपाटाच्या फटीतून सांगाडा पाहिला आणि दिसला तसा काढला. पाठीच्या कण्याला बाक होता. सगळ्यांत खालच्या बरगड्या पुढे कशालाच जोडलेल्या नव्हत्या. नावं तिने ज्या त्या हाडाशेजारी लिहिली.

गुरुजींनी तांबडी शाई चालवली. कणा वाकडा, बरगड्या आळसाने अर्धवट सोडलेल्या, नावं अस्ताव्यस्त. नापास.

यमूने हट्टच धरला, तेव्हा गुरुजींनी वर्गासमोर कपाट उघडलं आणि बराच वेळ आत पाहिलं.

"गुरुजी, हाडं अशीच आहेत," यमू म्हणाली.

"असतील. हा माणूस आपल्या शाळेत शिकलेला नव्हता."

मग त्यांनी सांगाडाच दुरुस्तीला काढला. कण्याला बांबू बांधायचा, मोकळ्या बरगड्या डिंकाने चिकटवायच्या. यमूने बांबू धरला तर ती पास, असंही त्यांनी सांगून टाकलं.

यमूला संताप आला. आईचं लंगडणं आठवलं. पण पास झाल्याशिवाय कुणाच्याच हाडाला हात लावता येत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिने बांबू धरला.

यमू पहिली आली. आता ती त्याच शाळेत शिकवते. कपाटाला कुलूप नसतं, मुलांना हवं तेव्हा सांगाडा पाहता येतो. तो आकृतीशी तंतोतंत जुळतो.

तात्पर्य : बाळांनो, आकृती अचूकच हवी. ती चुकली तर खोडरबर शोधत बसू नका, हाडांना वळण लावा. हाडं तक्रार करत नाहीत.