दिगूकाकांचा अर्न

समुद्रगरुडाला जुन्या इंग्रजीत काय म्हणत, हे ठाऊक नसलेला माणूस आमच्या मालगुंडात आता फक्त पाळण्यात सापडेल. हे काम दिगूकाकांचं. शेजारी म्हणून मी सगळ्यांत आधी सापडलो.

काका तीस वर्षं बोटीवर होते. बाकीचे बोटीवरून सेंट, घड्याळं आणत. काकांनी आणला एक शब्द, 'अर्न'. पूर्वी इंग्रज कुठल्याही गरुडाला अर्न म्हणत. मग फ्रेंचांकडून 'ईगल' आला आणि बिचारा अर्न समुद्रगरुडापुरता उरला. नॉर्वेत तोच ओर्न, हॉलंडात आरेंड. आणखी मागे गेलं तर अर्थ नुसता 'पक्षी'. हे सगळं काका बंदरोबंदरी विचारून आलेत. सांगून झालं की म्हणतात, "नोंद असू दे." विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाने खरंच वहीत नोंद केली होती. मासळीवाली मात्र एकदा तक्रार घेऊन आली, "काका, तुमचा अर्न माजा बांगडा घेऊन गेला." बांगड्याच्या बदल्यात काकांनी तिला शब्दाची व्युत्पत्ती दिली.

हा अर्न राहतो काकांच्या परसातल्या जुन्या रायवळ आंब्यावर. त्या आंब्यापायीच काकांचं गावात नाव खराब झालं. आमच्याकडे माणूस गेलं की सरणाला घरचा आंबा तोडतात. काकू गेल्या तेव्हा भावकी कुऱ्हाडी घेऊन आली, तर काका झाडाला पाठ लावून उभे. वर घरटं आहे, म्हणाले. शेवटी लाकूड माझ्या बागेतून न्यावं लागलं. बायकोपेक्षा पाखरू मोठं झालं, असं गाव अजून बोलतं. खोटं कशाला सांगू, मीही बोललोय.

परवा काकांनी मला काकूंची जुनी पत्रं दाखवली. घरातून निघणारं पत्र तेव्हा सासरे वाचूनच पेटीत टाकत, येणारंही आधी तेच फोडत. त्यामुळे मनातलं काही लिहायची सोय नव्हती. प्रत्येक पत्राच्या शेवटी एवढंच : 'गरुडाची जोडी आंब्यावर आहे.'

"मग मी त्या बंदरात गरुडाला काय म्हणतात ते विचारायचो नि लिहून पाठवायचो," काका म्हणाले. "मला तरी दुसरं काय लिहिता येणार?"

मला माझीच लाज वाटली. काका पत्रांची चळत नीट लावत राहिले.

"माझ्या वेळेसही लाकूड तुझ्याच बागेतलं घे. नोंद असू दे."

संध्याकाळी बागेत जाऊन मी एक झाड बघून ठेवलं.