कप्प्यातला गारवा

सासऱ्यांनी आपली जुनी गाडी जावयाला देताना एकच अट घातली होती. "चालवा हवी तेवढी, जावईबापू. फक्त तिच्यात काही जोडू नका."

अट माणूस ओळखून घातलेली होती. उठसूट काहीतरी जोडायच्या खोडीमुळे जावयाला सासरी सगळे जुळारी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग सवयीने तोंडावरही म्हणायला लागले. त्याने बसवून दिलेली दाराची बेल वाजली की स्वयंपाकघरातला दिवा जायचा, आणि त्याने दुरुस्त केलेल्या कपाटाचं दार उघडायला गेलं की ते सरळ हातात यायचं. एरवी तो पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर होता. जमिनीला कांडी टेकवून, कांडीला कान लावून पाइप नेमका कुठे फुटलाय ते सांगायचा. खात्यात त्याला मान होता. पण त्याला मान हवा होता तो सासरी, आणि तिथे तो मिळायची काही चिन्हं नव्हती.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दिलेला शब्द त्याने बरेच दिवस पाळला. मग उन्हाळा आला. दुपारी गाडीत बसलं की सीट चटके द्यायची. अशात तो एकदा आरसा बघायला म्हणून भंगारवाल्याकडे गेला आणि तिथे त्याला पुढून पार चेपलेली एक व्हॅन दिसली. व्हॅन कामातून गेली होती, पण तिचा एसी कसाबसा वाचला होता. दुसरा कुणी असता तर हळहळला असता आणि आरसा घेऊन घरी आला असता. जुळारी व्हॅनभोवती फिरला, वाकून आत बघितलं, आणि त्याचे हात शिवशिवायला लागले.

"मामांनाच ऊन सोसत नाही," त्याने स्वतःला समजावलं. "त्यांच्यासाठीच तर आहे. याला जोडणं थोडंच म्हणतात?"

सुट्टीच्या दिवशी खात्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. कॉम्प्रेसर बॉनेटखाली कसाबसा मावला. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका मित्राने गॅस भरून दिला. राहिला तो कूलिंगचा डबा. तो कुठेच बसेना, तेव्हा जुळाऱ्याने डॅशबोर्डमधल्या कप्प्याची मागची बाजू कापली आणि डबा आत सारला. या कप्प्यात मामा चष्म्याचं घर ठेवायचे. झाकण लावलं की बाहेरून काही कळत नव्हतं, आणि जरासं उघडं ठेवलं की गार हवा थेट शेजारी बसणाऱ्याच्या अंगावर येत होती. डबा तेवढा कलता बसला. त्याच्या तळाला साचलेलं पाणी जायला एक भोक होतं, ते या कलण्यामुळे वरच्या अंगाला गेलं. जुळाऱ्याने त्या भोकाला नळी जोडली, क्लिपा आवळल्या, आणि नळी गाडीच्या तळातून खाली सोडली. नळीचं काम फार सुबक झालं होतं. फक्त तिच्यापर्यंत पाणी पोचणार नव्हतं. दुसऱ्यांची गळती शोधण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही, कारण चाचणी त्याने शेडसमोरच्या सपाट रस्त्यावर घेतली, आणि तीही स्वतःच्या कौतुकात बुडून घेतली.

घरी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. मेव्हण्याकडे सगळे जेवायला जमणार होते, तिथे ताटावर बसल्यावर हळूच सांगायचं, असा त्याचा बेत होता.

ते जेवण मात्र साधं नव्हतं. मामा एकटेच राहत. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली होती आणि अजूनही जुने मालक त्यांच्याकडे काहीबाही पाठवत. खिडकीपाशी टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली कागद, असं त्यांचं चाललं होतं. मेव्हण्याच्या मनात त्यांना आपल्या फ्लॅटवर आणायचं होतं. त्याने खोली रिकामी केली होती, न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांड्यासुद्धा बसवल्या होत्या. मुलगा प्रेमानेच करत होता, त्यामुळे त्याला नाही म्हणणं जास्त अवघड होतं.

"आज जातो आणि सांगून टाकतो," मामा गाडीत बसताना म्हणाले. "माझं मला सगळं जमतंय. कुणी धरायला नको, दांड्या नकोत." त्यांनी इस्त्रीची फिकट रंगाची पँट घातली होती आणि दाढी गुळगुळीत केली होती.

जुळाऱ्याने सीटखालचं बटण दाबलं. कप्प्याचं झाकण आधीच बोटभर उघडं होतं. थोड्या वेळाने मागे बसलेली बायको म्हणाली, "अहो, आज गाडीत उकडत कसं नाही?"

मामांनी झाकणाकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. "हवा बदलली असेल," ते म्हणाले.

जुळारी मनातल्या मनात हसला. हे त्या दिवसातलं त्याचं शेवटचं हसू.

मेव्हण्याच्या इमारतीच्या फाटकापाशी चढ होता, चांगला उभा. गाडीने नाक वर केलं, इंजिन कण्हलं, आणि झाकणाच्या आत काहीतरी हिंदकळलं. वाटभर साचलेलं पाणी एकदम मामांच्या मांडीवर आलं. मामांनी फक्त श्वास आत ओढला. जुळाऱ्याला त्या एका क्षणात सगळं कळलं: कलता डबा, वर गेलेलं भोक, कोरडी नळी. बोलायला त्याने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात गाडी वर पोचली आणि वाट बघत उभ्या असलेल्या मेव्हण्याने पुढे होऊन आपल्या हाताने दार उघडलं.

मेव्हण्याची नजर वडिलांच्या पँटवर गेली. त्याचा चेहरा असा मऊ झाला की बघवेना.

"बाबा," तो अगदी हळू म्हणाला, "काय झालं?"

मामांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने स्टिअरिंगकडे पाहिलं.

"वय झालं," मामा म्हणाले.

वर गेल्यावर कुणी कुणाला काही विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं. मेव्हण्याने आपला पायजमा काढून दिला. तो मामांना इतका मोठा होत होता की त्यांना एका हाताने नाडीपाशी धरून चालावं लागत होतं. मेव्हण्याच्या बायकोने त्यांच्या खुर्चीवरची उशी उचलली, खाली प्लॅस्टिकचा कागद पसरला, आणि उशी परत ठेवली. तिला वाटलं कुणाला दिसलं नाही. सगळ्यांना दिसलं. मामा त्या उशीवर बसले तेव्हा कागद वाजला, आणि जुळाऱ्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घास त्याच्या तोंडात फिरत होता. आता सांगू, हा घास झाला की सांगू, असं करत त्याने पूर्ण ताट संपवलं. सांगायचं तर शब्द मोडल्याचंही सांगावं लागणार होतं, आणि मग बेल, कपाट, सगळं पुन्हा निघणार होतं. मामा मान खाली घालून जेवत होते. घरून निघताना जे सांगायचं म्हणून निघाले होते त्यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही.

हात धुऊन सगळे बसल्यावर मेव्हण्याने विषय काढला. "बाबा, आता जास्त चर्चा नको. पुढच्या आठवड्यात मी तुमचं सामान आणतो. यात लाजण्यासारखं काही नाही."

मामांनी पायजम्याची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "टेबल मावेल का?" त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नाने जुळारी उठून उभाच राहिला. "ते पाणी एसीचं होतं," तो म्हणाला.

"कुठलं पाणी?" मेव्हणा म्हणाला.

"मामांच्या पँटवरचं. गाडीत एसी आहे. मी बसवलाय. त्याचं पाणी सांडलं."

मेव्हणा उठला आणि त्याने जुळाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊजी, मी तुम्हाला इतकी वर्षं हसलो. तुमचं मन एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं."

"अरे, मन कुठलं? एसी आहे खरंच."

"असू दे, अहो," बायको पदराने डोळे टिपत म्हणाली. "बाबांसाठी म्हणालात, तेवढं पुरे झालं."

"त्यांचं ऐकून तरी घ्या," मामा कोपऱ्यातून म्हणाले. त्यावर तिला आणखीच भरून आलं.

आयुष्यभर कामं बिघडवून जी इज्जत मिळाली नाही ती आता खोटारडा समजून मिळत होती, आणि ती घेऊन गप्प बसणं फार सोपं होतं. जुळाऱ्याला स्वतःची शिसारी आली. त्याने मेव्हण्याचा हात धरला आणि त्याला ओढतच खाली नेलं. मागून बायकोही आली.

गाडी सावलीत सपाट जागी उभी होती. त्याने इंजिन सुरू केलं, बटण दाबलं, झाकण उघडलं. गार हवा आली. पाण्याचा थेंब नाही.

बायको आत वाकली, मग गाडीखाली वाकली. सरळ उभी राहिली तेव्हा तिचे डोळे कोरडे झाले होते. "ही माझ्या वॉशिंग मशीनची नळी आहे."

"हो."

"म्हणून मी मशीनचं पाणी बादल्यांनी उपसतेय. आणि तुम्ही मला म्हणालात की नळी उंदरांनी खाल्ली."

"एसी आहे, हे मान्य," मेव्हणा मध्ये पडला. "पण भाऊजी, पाणी कुठाय?"

"बस शेजारी. एक चक्कर मारू."

मेव्हणा बसला. बायको फाटकापाशी हाताची घडी घालून उभी राहिली. जुळाऱ्याने गाडी बाजारातून नेली, सिग्नलला मुद्दाम लाल दिवा लागू दिला, आणि वळसा घालून परत फिरला. मेव्हण्याने पाय पसरले होते. "कूलिंग छान आहे हो," तो म्हणाला. "पण बाबांना आता जपायला हवं. म्हातारपणी अंगावरचा ताबा सुटतो, त्यात त्यांचा दोष नाही. आपण समजून घ्यायचं." कप्प्याच्या आत पाणी डुचमळल्याचा बारीक आवाज जुळाऱ्याला येत होता. त्याचे कान त्या बाबतीत तयार होते.

फाटकापाशी गाडीने नाक वर केलं.

मेव्हणा जवळजवळ सीटवर उभा राहिला. दार उघडून तो बाहेर आला तेव्हा बाहेर निघालेलं एक जोडपं समोर होतं. त्यांनी त्याच्या पँटकडे पाहिलं आणि घाईने आकाशाकडे बघायला लागले. पहारेकरी आपली खुर्ची घेऊन धावत आला.

"बसा साहेब, बसा जरा. होतं असं."

"एसीचं पाणी आहे हे," मेव्हणा म्हणाला.

"हो साहेब. एसीचंच."

"अहो, खरंच एसीचं आहे. हात लावून बघा, थंड आहे."

पहारेकऱ्याने दोन्ही हात मागे नेले. "तुम्ही म्हणता ना साहेब, मग झालं."

मेव्हणा एका दमात जिना चढला. आत जाऊन दुसरा पायजमा घालून आला आणि वडिलांशेजारी बसला. बापलेक सारख्याच पायजम्यात खाली बघत होते. मेव्हणा म्हणाला, "बाबा, तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ना..." त्याने मान हलवली. "सामानाचं राहू दे. तुम्हाला वाटेल तेव्हा या."

"दांड्या राहू देत," मामा म्हणाले. "तुला लागतील."

निघताना जुळारी मामांपुढे चालत नव्हता, मागेमागे चालत होता. गाडीपाशी आल्यावर त्याने कसंबसं म्हटलं, "मामा, तुम्हाला स्वतःबद्दल भलतंच वाटलं, ते माझ्यामुळे."

"मला कुठे काय वाटलं?" मामा म्हणाले. "पाणी बर्फासारखं होतं, जावईबापू. एवढं माणसाला कळतं."

जुळारी जागीच थबकला. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"एसी सुरू केलात तेव्हाच कळलं होतं. झाकण डाव्या अंगाला वर आलंय. माझी नजर आधी चुकीवर जाते, सवय आहे." मामा सावकाश पुढच्या सीटवर बसले. "पण बोलायचं तुमचं होतं. मला वाटलं, जेवायला बसेपर्यंत बोलाल. तुम्ही हात धुतलेत, तरी बोलला नाहीत. मग मात्र मला भीती वाटायला लागली."

"कसली?"

"टेबलाची," मामा म्हणाले.

जुळाऱ्याला मान वर करवेना. "उद्या सगळं काढून टाकतो," तो पुटपुटला. "कप्पा होता तसा करून देतो."

"तुम्ही करू नका," मागच्या सीटवरून बायको म्हणाली. "कुणाला तरी सांगू."

जुळाऱ्याने किल्ली फिरवली, पण सीटखालच्या बटणाकडे हात नेला नाही. फाटकातून बाहेर पडताना गाडी उतारावरून सुखाने खाली आली. फाटकापाशी उन्हात राहून आत भट्टी तापली होती. मामांनी खिशातून घडी केलेलं काहीतरी काढलं, झटकलं, आणि दोन्ही मांड्यांवर नीट पसरलं. तो मेव्हण्याच्या घरी उशीखाली पसरलेला प्लॅस्टिकचा कागद होता.

"हं," मामा म्हणाले. "आता लावा एसी."