फ्रिज शेजारी राहायला गेला

परदेशी पाहुणा कसा सांभाळावा, हे माझ्याकडून शिकावं! फुशारकी मारतोय असं समजू नका. म्हणजे थोडी मारतोयच, पण तिला आधार आहे. मी ज्या संस्थेत नोकरी करतो ती गरिबी कमी करण्याचं काम करते. पैसा तीन देश मिळून देतात, सल्ला बाकीचे सगळे देश देतात, आणि आपला सल्ला कुठवर पोचला हे बघायला अधूनमधून माणसं पाठवतात. त्या माणसांना स्टेशनवरून आणायचं, काम दाखवायचं, त्यांचं पोट बिघडू द्यायचं नाही आणि खूश करून परत धाडायचं, हे खातं माझं. आजवर एकही पाहुणा माझ्यावर नाराज होऊन गेला नव्हता. एकजण पोट बिघडून गेला, पण तोसुद्धा हसतमुखानं!

या वेळी येणार होत्या एक तज्ज्ञबाई. गरिबी मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, अशी ख्याती. त्यांनी बघायचं होतं आमच्या वस्तीतलं धुलाई केंद्र. वस्तीतल्या बायका एकत्र येऊन ते चालवतात. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं तिथं येतं आणि गार पाण्यात धुतलं जातं. थंडीच्या दिवसांत त्या बायकांच्या हातांना अशा भेगा पडतात की बघवत नाही. त्यांना हवं होतं छपरावर बसवायचं, उन्हावर पाणी तापवणारं यंत्र, आणि साबणाचं पाणी गाळून पुन्हा वापरायची टाकी. तज्ज्ञबाई हो म्हणाल्या की तिन्ही देश हो म्हणणार, एवढं सरळ होतं.

"साहेब, जमेल ना?" केंद्राच्या अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

"जमेल ना म्हणजे? झालंच समजा!"

"झाल्यावर समजू," त्या म्हणाल्या आणि चादर पिळायला लागल्या. मला वाटलं, बाईंचा स्वभावच संशयी!

तेवढ्यात वरून नवा नियम आला. पाहुण्यांनी हॉटेलात न उतरता कर्मचाऱ्याच्या घरी राहावं, म्हणजे माणसं माणसांना कळतात. कर्मचारी म्हणजे अर्थातच मी. आणि इथं माझ्या डोक्यात ती कल्पना आली! 'कमी वस्तू, कमी वीज, सुखी जीवन' यावर मी गावोगाव भाषणं ठोकतो. आणि माझ्या घरात बघाल तर फ्रिज, टीव्ही, धुलाई यंत्र, मिक्सर, सगळे एका सुरात घरघरत असतात. बाईंनी हे पाहिलं तर काय म्हणतील? त्यापेक्षा आठवडाभर हे सगळं शेजारच्या वकिलांकडे ठेवलं तर? बाई थक्क होतील! बोले तैसा चालणारा अधिकारी म्हणून तीन देशांत माझं नाव होईल!

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" बायकोनं विचारलं.

"अगं, आठवडाभराचा प्रश्न आहे!"

"मग सोफा तरी कशाला ठेवताय? तोही न्या की! गाद्याही न्या! मलाही नेऊन ठेवा वकिलांकडे!"

ती चिडून बोलली होती. पण सोफ्याचा मुद्दा मला पटला आणि मी सोफाही नेला. सासूबाईंची पाय पसरून बसायची खुर्ची उचलली तेव्हा त्या नुसतं एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, खुर्ची जिथं जाईल तिथं मी जाईन." आणि खरोखरच गेल्या. दिवसभर वकिलांकडे आपल्या खुर्चीत बसून आपला टीव्ही बघायच्या आणि फक्त झोपायला घरी यायच्या.

वकिलांना मी बजावून ठेवलं, "कुणीही विचारलं तरी सगळं तुमचंच म्हणून सांगायचं."

"काळजीच सोडा! एकदा दिलेला जबाब मी आयुष्यात फिरवलेला नाही!" त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

तज्ज्ञबाई आल्या. उंच, शांत, आणि आपली भाषा कुठल्याशा जुन्या पुस्तकावरून शिकून आलेल्या. पहिल्याच दिवशी ऑफिसात मी त्यांच्यापुढे माझं गाजलेलं व्याख्यान दिलं: 'लपलेली गरिबी कशी ओळखावी'. हे व्याख्यान मी इतक्यांदा दिलंय की मी झोपलो तरी ते चालू राहील.

"बाई, खरा गरीब माणूस कधी सांगत नाही!" मी हात उडवत म्हणालो. "तुम्ही भिंती बघा! वस्तू विकलेली असली की तिच्या जागी रंगाचा वेगळा चौकोन दिसतो. जेवणाच्या वेळेला घरातलं माणूस शेजारी जातं का बघा. आणि सर्वांत महत्त्वाचं! 'आम्हाला असंच आवडतं, आम्ही सुखात आहोत,' असं कुणी ठासून सांगितलं तर अजिबात विश्वास ठेवू नका! जो जितकं ठासून सांगेल, तितका तो अडचणीत आहे समजा!"

"अतीव उपयुक्त," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते सगळं मनात नोंदवून घेतलं. बाईंची स्मरणशक्ती फार चांगली होती. तिथंच घात झाला.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. बाईंनी रिकाम्या दिवाणखान्यात उभं राहून चौफेर नजर फिरवली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फ्रिजच्या मापाचा पांढरा चौकोन होता. बाहेर टीव्हीच्या जागी खिळ्यांची भोकं होती. बाई त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, झाल्या थक्क!

"आम्हाला असंच आवडतं!" मी ठासून सांगितलं. "आम्ही अगदी सुखात आहोत!"

बाईंनी हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

जेवायला उकडलेले बटाटे होते, कारण मिक्सरशिवाय बायकोनं दुसरं काही करायला साफ नकार दिला होता. आम्ही सगळे चटईवर बसलो. बाईंनी आमचा एक फोटो काढला. इतक्यात बायको भांडं घेऊन उठली आणि दूध आणायला वकिलांकडे गेली. आमचंच दूध, आमच्याच फ्रिजमधलं! पण हे बाईंना काय माहीत? त्यांनी खिडकीतून पाहिलं. शेजारच्या दारात वकिलीणबाई भांड्यात दूध ओततायत आणि मागं म्हातारी सासू त्यांच्याच घरात बसून जेवतेय!

"वृद्ध माताही?" बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"त्या रोज तिकडेच असतात," मी म्हणालो. "त्यांना तिकडे बरं पडतं."

बाईंनी आपल्या ताटातला बटाटा गुपचूप माझ्या ताटात ठेवला. मला वाटलं, त्यांना बटाटे आवडत नाहीत!

मग असंच चालू झालं. बाई जेवायच्या कमी कमी आणि माझ्याकडे बघायच्या जास्त जास्त. अंघोळीला गार पाणी बघून त्या नुसत्या शिंकल्या. धुलाई केंद्रावर त्या रोज जायच्या, बायकांशी तासन् तास बोलायच्या. मी खुशीत होतो. मला काय ठाऊक, त्या तिथं माझ्याबद्दल बोलतायत!

आणि एका सकाळी दारात अध्यक्षबाई उभ्या! हातात गाठोडं.

"हे ठेवून घ्या साहेब. पीठ आहे, कांदे आहेत. आणि ही रजई. सगळ्या बायकांनी मिळून दिलंय."

"हे कशासाठी?"

"लाजू नका. आम्हाला बाईंनी सगळं सांगितलं. लाज कशी असते ते आम्हाला माहीत आहे." त्यांनी गाठोडं बायकोच्या हातात कोंबलं. "तुम्ही इतके दिवस आमच्यासाठी धावपळ करताय आणि घरी अशी परिस्थिती! आधी नाही का सांगायचं?"

त्यांचे हात माझ्यासमोर होते. बोटांच्या सांध्यांवरच्या भेगा लाल झालेल्या. मला त्या क्षणी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं. आता सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्या निघूनही गेल्या होत्या. बायकोनं गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. आमच्या घरात याहून वाईट काही नसतं.

दुपारी केंद्रावर निरोपाची सभा होती. वस्तीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. तज्ज्ञबाई उभ्या राहिल्या.

"आपले केंद्र उत्तम आहे. आपले श्रम थोर आहेत," त्या म्हणाल्या. टाळ्या! "परंतु यंत्र देण्याची शिफारस मी करू शकत नाही." टाळ्या बंद! "ज्या संस्थेचा अधिकारीच सहकुटुंब उपाशी आहे, ज्याने घरातील शीतकपाटही विकले आहे, त्या संस्थेच्या हाती यंत्र कसे सोपवावे? प्रथम चौकशी. त्यानंतर, दोनेक वर्षांनी, पुनर्विचार."

अध्यक्षबाईंनी आपले हात पदराखाली घेतले. मी ताडकन उठलो.

"बाई, माझ्याकडे फ्रिज आहे!"

"होय, होय," बाई मायेनं म्हणाल्या.

"खरंच आहे! टीव्ही आहे! सोफा आहे! धुलाई यंत्रसुद्धा आहे!"

मी एकेका वस्तूचं नाव घेत होतो आणि बाईंचे डोळे भरून येत होते. "आपणच सांगितले होते," त्या म्हणाल्या. "जो जितके ठासून सांगेल..."

"अहो, आहे आमच्याकडे सगळं!" बायको ओरडली. "या माणसानं शेजारी नेऊन ठेवलंय!"

"पत्नीही तसेच सांगते," बाईंनी रुमाल काढला.

"मग चला बघायला!" मी गर्जना केली.

सगळी सभा उठून निघाली. पुढं मी, मागं तज्ज्ञबाई, त्यांच्या मागं अख्खं धुलाई केंद्र. वकिलांचं दार धाडधाड वाजवलं. वकील बाहेर आले.

"वकीलसाहेब, सांगा यांना! तो फ्रिज कुणाचा?"

वकिलांनी गर्दीकडे पाहिलं, परदेशी बाईंकडे पाहिलं, आणि छातीवर हात ठेवला. "माझा!"

"अहो, आता खरं सांगायचंय!"

"टीव्ही माझा! सोफा माझा! खुर्चीसुद्धा माझी!" ते खणखणीत आवाजात म्हणाले आणि मला डोळा मारून हळूच कुजबुजले, "घाबरू नका. मी फुटणारा साक्षीदार नाही!"

संपलं! मी पायरीवर मटकन बसलो. माझ्या शहाणपणापायी त्या बायका आणखी दोन हिवाळे गार पाण्यात हात घालणार होत्या. गंमत संपली होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

"काय कालवा लावलाय? मालिका चालू आहे ना!" आतून आवाज आला. खुर्चीतून सासूबाई उठून आल्या. बायकोनं घाईघाईनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मुलगी मला देऊन त्यांनी काय गमावलं ते सगळ्यांना कळावं. मग त्या वकिलांकडे वळल्या.

"तुमचा फ्रिज आहे ना? उघडा!"

वकिलांनी मूठ धरून ओढली. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढली. फ्रिज हलला, दार नाही. "आमच्याकडे ही उघडते," ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले. वकिलीणबाई म्हणाल्या, "मी कुठं? मी तर आजीबाईंना सांगते!"

सासूबाई पुढं झाल्या. फ्रिजच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी एक गुडघा हाणला, वर एक थाप मारली, आणि दार आपोआप उघडलं! आमचा फ्रिज वर्षानुवर्षं असाच उघडतो, आणि ही कला आमच्या घराबाहेर कुणाला येत नाही. आत सासूबाईंची औषधं होती, माझा अर्धा खाल्लेला केक होता आणि आठवडाभर पुरेल एवढं दूध होतं. बायकोनं एका हातानं वॉशिंग मशीनचं अडकणारं बटण फिरवून तेही सुरू करून दाखवलं. आता वकीलसुद्धा वरमले.

तज्ज्ञबाई आधी फ्रिजकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मग त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना सोफ्यावर बसवावं लागलं. माझ्याच सोफ्यावर! "पुरावा," असं म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांचा उघड्या फ्रिजसमोर फोटो काढला. बायको हसत होती, सासूबाई विजयी मुद्रेनं गुडघा चोळत होत्या, आणि मी दात विचकून उभा होतो.

यंत्राची शिफारस त्यांनी तिथंच केली. बायकांनी एकच गलका केला. अध्यक्षबाई मात्र माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पीठ आणि कांदे राहू द्या. रजई परत द्या. धुऊन."

मी केंद्रावर जाऊन ती स्वतः धुतली. यंत्र यायला अजून अवकाश होता, त्यामुळे गार पाण्यात. रजई पाणी पिऊन म्हशीएवढी जड झाली आणि माझी बोटं मला जाणवेनाशी झाली. बायका बाजूला बसून सूचना देत होत्या. "साहेब, ठासून घासा!" अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि सगळ्या खो खो हसल्या. मीही हसलो, पण दात वाजत असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

आता छपरावर यंत्र बसलंय, पाणी कढत येतं, अध्यक्षबाईंचे हात बरे होतायत. खरं तर इथंच गोष्ट संपायला हवी. पण मुख्य कार्यालयातून नुकतंच एक चकचकीत पुस्तक छापून आलं. ते तिन्ही देशांत वाटलंय. त्याच्या मुखपृष्ठावर आमच्या घरचे दोन फोटो आहेत. डावीकडे आम्ही चटईवर, समोर बटाटे. उजवीकडे आम्ही हसतमुख, मागं भरलेला फ्रिज. खाली ठळक अक्षरांत छापलंय, 'आमच्या मदतीपूर्वी' आणि 'आमच्या मदतीनंतर'.

हे बघून चौथा देश फार भारावलाय म्हणे. त्यांचं शिष्टमंडळ पुढच्या आठवड्यात आमच्या घरी मुक्कामाला येतंय. मला एक नवीन कल्पनाही सुचली होती, पण बायकोनं फ्रिजला साखळी घालून कुलूप लावलंय. आणि किल्ली सासूबाईंच्या खुर्चीखाली आहे, खुर्चीत सासूबाई आहेत!