गुडघ्यांचा डबा

मुलीची सुपारी फोडताना बापाला जमिनीवर मांडी घालून बसावं लागतं, हे मुलगी झाली त्या दिवशीच कुणीतरी मला सांगायला हवं होतं. मी चोवीस वर्षं गुडघ्यांची काळजी घेतली असती. (घेतली नसती, पण सांगायला हवं होतं.)

आमच्या सुकन्येचं करकंबच्या स्थळाशी जमत आलं होतं, आणि माझे गुडघे ऑफिसच्या खुर्चीखेरीज कशालाच तयार नव्हते. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, वजन उतरवा, दही-तीळ-भाकरी खा." इतका साधा उपाय मला पटेना. मी तडक नवी पेठ गाठली आणि कोलाजेन पावडर आणली. घरी आल्यावर मागची बारीक अक्षरं वाचली. पावडर माशांच्या कातडीची! आम्ही खाणारे, त्याचं काही नाही. पण रेश्मानं, म्हणजे बायकोनं, "डॉक्टरचं सोडून ही थेरं कशाला?" असं विचारून जीव खाल्ला असता. म्हणून दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यात ती ओतली आणि डबा वरच्या फळीवर सरकवला.

रोज सकाळी दोन चमचे. चव गोडसर, वास अजिबात नाही. म्हटलं, माल भारी आहे. आमची म्हातारी मांजर फळीखाली बसून वर टक लावायची. मला वाटायचं, माझी प्रगती बघतेय. आठव्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सिद्धप्पाला मी उठाबशा काढून दाखवल्या. (दोन. दुसरीला त्यानं हात दिला.)

सुपारीला करकंबची मंडळी आली. व्याही श्रीमंतराव, त्यांची आई रंभाबाई आणि मुलगा दिग्विजय. तिघांच्याही गळ्यात तुळशीची माळ; घरात अंडंसुद्धा चालत नाही. मी सतरंजीवर ऐटीत मांडी घातली. तेवढ्यात रेश्मा चहाचा ट्रे घेऊन आली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "दूध नासलं की ओ. वरच्या डब्यातली पावडर घातलीय."

माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. माळकऱ्यांना माशाचा चहा! कळलं तर सोयरीक मोडणार, आणि न सांगता पाजला तर मला जन्मभर झोप लागणार नाही. सुकन्या दाराआडून दिग्विजयकडे बघून हसत होती.

रंभाबाईंनी कप उचलला. मी तो हिसकावून घटाघट प्यायलो.

"आरं, माजा व्हता की त्यो!"

"गार झाला होता, आजी."

"वाफ निगत व्हती!"

तोवर मी श्रीमंतरावांचा संपवून दिग्विजयच्या कपाला हात घातला होता. मग माझाही प्यायलो, संशय नको म्हणून. जीभ पार सोलून निघाली.

"पावणं, तुमाला चहा लई आवडतु वाटतं," श्रीमंतराव सावधपणे म्हणाले.

"लई," मी म्हणालो.

"परत ठेवते," रेश्मा म्हणाली. तिची नजर मी इथं वर्णन करत नाही.

"नको!" मी किंचाळलो. "सरबत कर!"

सरबत झालं, सुपारी फुटली, कुंकू लागलं. मी देवाचे आभार मानले आणि उठायला गेलो. गुडघे उठेनात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रंभाबाई हात न टेकता उठल्या, मला बखोटीला धरून उभं केलं आणि म्हणाल्या, "हुलग्याचं माडगं पीत जा, बाबा. आन् जरा चालत जा."

मंडळी गेल्यावर मी रेश्मापुढं सगळं ओकलो. ती पोट धरून हसत सुटली.

"ती पावडर होय! माशाचा वास मारत होती, अन् मांजर फळीखाली ओरडून जीव घेत होती. पहिल्याच दिवशी मी ती काढून घट्ट झाकणाच्या बरणीत, त्याच फळीवर मागं ठेवली आणि डब्यात दूध पावडर भरली. तुमची ती रोज मांजरीला घालते, चिमूट चिमूट."

"मग मी आठ दिवस..."

"दूध पावडर खाल्लीत."

मी मटकन खाली बसलो. दिवाळीपासून उंबरा ओलांडतानाही कण्हणारी आमची मांजर एका उडीत फ्रिजवर गेली आणि तिथून, मी उठतो कसा, ते बघत बसली.