कॉम्प्युटरला हिरवा खाऊ

“बाबा, मी तयार कॉम्प्युटरच आणून देतो,” असं जावई बोलून गेला आणि तिथेच घोटाळा झाला.

लिआवकाकांनी एकतीस वर्षं ताइपेईतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. (एक बाई एकदा दोन तास मधेच लटकली होती; पण ती गोष्ट काका सांगत नाहीत, काकू सांगतात.) जावई ची-युआन शिनचूच्या कारखान्यात मदरबोर्ड तपासायच्या कामावर. त्याच्याकडून आयतं घ्यायचं म्हणजे एकतीस वर्षांवर पाणीच की!

“लिफ्टमध्ये माणसांचे जीव असतात, जावईबापू,” काका म्हणाले. “तुमच्या त्या डब्यात काय असतं? चार तारा!”

आणि दुसऱ्याच दिवशी ते बाजारात जाऊन पेटी, मदरबोर्ड, पंखे नि तारा असं सगळं सुटं सामान घेऊन आले.

आता हे मांडायचं कुठे? खिडकीशी, उजेडात, काकूंचं शिलाई मशीन होतं. ते अंधाऱ्या कोपऱ्यात हलवायला काकू तयार झाल्या, पण फुकट नाही.

“येत्या रविवारी ची-युआन जेवायला येतोय. त्याच्यासमोर तुझा डबा सलग एक तास चालला तर खिडकी तुझी. नाही चालला तर माझं मशीन परत खिडकीत, तुझा डबा बाल्कनीत चपलांच्या कपाटात, आणि जावई देईल तो कॉम्प्युटर मुकाट्याने घ्यायचा. कबूल?”

“एक तास? म्हातारे, एक वर्ष चालेल!”

बुधवारी जोडणी पुरी झाली. तीन स्क्रू उरले. (“जास्तीचे देतातच,” काका म्हणाले.) आता आमच्या ताइपेईत यंत्र म्हटलं की हिरवी पुडी आलीच. नारळाच्या चवीचा मक्याचा खाऊ. पुडीच्या नावाचा अर्थच मुळी ‘शहाण्यासारखं वाग’. बँकेत, इस्पितळात, जिथे यंत्र तिथे पुडी. काकांच्या लिफ्टच्या खोलीतही असायची. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटलेली चालत नाही, आणि कुणी फोडून खाल्ली तर यंत्र रुसलंच समजा. काकांनी पुडी कॉम्प्युटरच्या डोक्यावर, जाळीच्या बरोबर मध्यभागी ठेवली, हात जोडले आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा उजळला. काकूंनीसुद्धा हातातलं शिवण खाली ठेवलं. वीस मिनिटं झाली आणि कॉम्प्युटर टप्पकन बंद.

“झोपला का रे?”

“दम खातोय. नवा आहे अजून.”

काकांनी सगळ्या तारा काढल्या, पुसल्या, परत खोचल्या. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा टप्प. मग त्यांची नजर पुडीवर गेली. मुदत दोनच दिवसांची राहिली होती!

“हे बघ! शिळ्या खाऊवर कोण काम करेल?”

लगेच कोपऱ्यावरच्या दुकानातून ताजी पुडी आली, तीही घरभराला पुरेल एवढी मोठी. या खेपेला कॉम्प्युटर अकरा मिनिटांत बंद.

काकांनी बराच विचार केला. (लिफ्टवालेच ते, विचार वरखाली फार वेळ चालतो.) शेवटी निघालं असं की एका पुडीत भागत नाही. आत वस्तू किती! मदरबोर्ड वेगळा, विजेचा डबा वेगळा, पंखे वेगळे; सगळ्यांनी एका पुडीकडे बघायचं? मग पाच पुड्या आल्या आणि डोक्यावर अशा चिकटून बसवल्या की जाळीचं एक भोक दिसेना.

चार मिनिटं.

काकांनी पेटीच्या अंगाला हात लावून बघितला. “अगं, याला तापही आलाय.”

“मग भूक मेली असेल त्याची,” काकू म्हणाल्या. “पेज दे.”

शुक्रवारी काका गल्लीच्या टोकाला भूमिदेवाच्या देवळात गेले. कौल लावायचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे हातात धरून विचारलं, “देवा, दोष मदरबोर्डात आहे?” तुकडे टाकले. नाही. “विजेच्या डब्यात?” नाही. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईने सुचवलं, “घरातल्या माणसात आहे का, तेही विचारून घ्या.” काकांनी मोठ्या आशेने काकूंचं नाव घेतलं. नाही. मग नाइलाजाने स्वतःचं घेतलं. हो. परत टाकले. हो. तिसऱ्यांदा, हो.

“तुकडे जुने झालेत,” काका पुजाऱ्याला म्हणाले आणि घरी आले.

रविवारी ची-युआन पेरू घेऊन हजर झाला. काकूंनी मांसाचा रस्सा आणि बांबूच्या कोंबांचं सूप केलं होतं. काकांनी बटण दाबलं. चार मिनिटांनी व्हायचं ते झालं. काकूंनी शिलाई मशीनवरची चादर काढायला घेतली.

ची-युआन उठून जवळ गेला. आतली गरम हवा बाहेर पडायची जाळी, आणि तिच्यावर गादीसारख्या पसरलेल्या पाच पुड्या त्याने पाहिल्या. तोंड उघडलं. कारखान्यात एखाद्या नवख्याने असं केलं असतं तर त्याची शोभाच झाली असती. पण समोर सासरा उभा होता, परीक्षेच्या निकालाला उभा राहावा तसा, आणि शेजारी सासू. त्याने तोंड मिटलं.

“बाबा, जोडणी अगदी चोख आहे. फक्त एक आहे. आमच्याकडे पुडी डोक्यावर ठेवत नाहीत, समोर ठेवतात.”

“का?”

ची-युआनने घसा खाकरला. “डोक्यावर ठेवली तर यंत्राला ती दिसत नाही.”

“तरीच!” काकांनी मांडीवर थाप मारली. “तरीच म्हटलं!”

काकूंनी जावयाकडे रोखून पाहिलं. जावयाने चटकन सुपाकडे पाहिलं. चाळीस वर्षं चुलीशी काढलेल्या बाईला झाकण दाबून धरलं की काय होतं ते कळत नाही होय? मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा त्यांनी गुपचूप जावयाच्या वाटीत सोडला.

पाचही पुड्या कॉम्प्युटरसमोर ओळीने उभ्या राहिल्या. बटण दाबलं. काका वाटी हातात घेऊन पहाऱ्यावर उभ्याउभ्याच जेवले. वीस मिनिटं गेली. चाळीस गेली. तास पुरा झाला, तरी पंखे आपले गुणगुणत होते.

“खिडकी तुझी,” काकू म्हणाल्या आणि चादर पुन्हा मशीनवर टाकायला लागल्या.

काकांनी ते पाहिलं. कोपऱ्यात तसा अंधारच होता.

“राहू दे ती चादर,” ते म्हणाले. “डबा वीतभर सरकवला तर तुझं मशीनही मावेल इथे.”

“मग आधी तो बंद कर, आणि सरकव.”

काका ऐटीत पुढे झाले. हात वर गेला, अधांतरी राहिला. मग ते हळूच ची-युआनच्या कानाशी लागले.

“जावईबापू, हा बंद कसा करतात? आजवर आपला आपणच होत होता.”