महास्तोत्राची अस्सल तात

एका जंगलात सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून तिथे एका तज्ज्ञाची गरज पडली. मुलांनो, तो तज्ज्ञ म्हणजे मी.

मी कावळा. माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे, तेव्हा त्याबद्दल बोलायला नको. पण ज्याला गाता येत नाही त्याने गाण्यावर बोलावं, अशी आमच्या जंगलात रीत आहे. आणि रीत मोडायची आपल्याला सवय नाही.

आमच्याकडे दरवर्षी महास्तोत्र व्हायचं. दोनशे वर्षांपूर्वी एका अस्वलाने ते रचलेलं. चाळीस मेंढ्या गायच्या आणि सोबत सारंग्या, बासऱ्या, कर्णे, नगारे आणि पट्ट्या दाबून वाजवायची तारांची एक जुनी पेटी, असा तीस वाद्यांचा ताफा. बगळेबुवा एका पायावर उभे राहून, पंख हलवून सगळ्यांना ताल द्यायचे. लोक ऐकायचे, डोळे पुसायचे आणि घरी जाऊन शांत झोपायचे. हे मला बघवेना.

"तुम्ही महास्तोत्र कधी ऐकलेलंच नाही," मी एकदा भर सभेत म्हणालो.

"मग इतकी वर्षं काय ऐकतोय?" हत्तीने विचारलं.

"पोलादी तारा. अस्वलाच्या काळी पोलादी तारा नव्हत्या. तेव्हा सारंगीला तात असायची. त्याने जे ऐकलं तेच ऐकायचं असेल, तर वाद्यं त्याच्या काळातली हवीत. नाहीतर सगळा पोरखेळ."

आपण आजवर पोरखेळाला रडलो, या विचाराने काहींना पुन्हा रडू आलं. सिंहमहाराजांनी लगेच आपली गुहा आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र चार दिवसांसाठी दिलं. यंत्रावर वटवाघूळ बसलं, म्हणजे लटकलं.

तेवढ्यात ढवळाबाईंनी विचारलं, "मास्तर, तात कशाची असते हो?"

ढवळाबाई म्हणजे गाणाऱ्या मेंढ्यांतल्या मुख्य. मधला एकटीने गायचा भाग त्यांचा.

मी पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं, "मेंढीच्या आतड्याची."

चाळीस मेंढ्यांनी एकदम आपापली पोटं झाकली. मी घाईने पान उलटलं.

त्याच आठवड्यात ढवळाबाईंची म्हातारी आई गेली. वयानेच गेली, मी शपथेवर सांगतो. मी समाचाराला गेलो आणि जाताना पुस्तक बरोबर नेलं. आता आठवलं की माझी मलाच शरम वाटते. ढवळाबाईंनी आईच्या अंगावरची लोकर सारखी केली. मग म्हणाल्या, "आईने सगळा जन्म मागच्या रांगेत गाऊन काढला. आता पुढे वाजू दे."

अशा रीतीने आम्हाला अस्सल तात मिळाली.

पहिल्या दिवशी सारंग्या वाजल्या तेव्हा, खरं सांगतो, आवाज उबदार होता. ढवळाबाई गात होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पुढे होऊन सांगितलं, "बाई, त्या काळी गाताना रडत नसत." त्यांनी डोळे पुसले. असा मी.

पण गुहा ओलसर. तात ओल धरते, सैल पडते, मग पिळली की तुटते. दुपारपर्यंत एक गेली. दुसऱ्या दिवशी चार गेल्या. तिसऱ्या दिवशी शेवटची तुटली आणि महास्तोत्र अर्ध्यावर अडकलं. उरला एक दिवस.

"आता तात आणायची कुठून?" बगळेबुवांनी विचारलं.

सगळे हळूहळू मेंढ्यांकडे बघू लागले. मेंढ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"चाळीसात एक कमी झाली तर कानाला कळतं का हो?" बुवांनी मला हळूच विचारलं.

मुलांनो, इथे मी नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणाला असता. पण माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. मी म्हणालो, "मागच्या रांगेतली असेल तर नाही कळत."

मागच्या रांगेत ढवळाबाईंची धाकटी मुलगी होती. ढवळाबाई पुढे आल्या.

"मास्तर, पुस्तक जरा बघू."

मी दिलं. मेंढीला काय वाचता येणार, असं वाटलं म्हणून दिलं. त्यांनी सावकाश पानं उलटली. मी उलटलेल्या पानाच्याही पुढे गेल्या.

"आपल्या त्या जुन्या पेटीत, पट्टी दाबली की तार छेडायला आपण बांबूच्या कामट्या लावल्यात ना?"

"हो. तिथे चालतं."

"इथे लिहिलंय की अस्वलाच्या काळी कामट्या नसत. कावळ्याचं पीस असायचं. पंखातलं, मोठं. पट्टीला एक." त्यांनी माझ्या पंखांकडे बघून मनाशी मोजलं. "पट्ट्या चाळीस आहेत. तुमची वीसेक निघतील. बाकीची तुमच्या भावांकडून घेऊ."

गुहेतले सगळे माझ्याकडे बघू लागले. हत्ती तर कौतुकाने बघत होता.

"काढताना दुखतं का हो?" वटवाघळाने आपुलकीने विचारलं.

त्या क्षणी मला एकदम आठवलं, की अस्वलाचं एक जुनं पत्र माझ्या घरट्यात आहे. मी उडालो आणि घटकाभरात ते घेऊन आलो. त्यात अस्वलाने स्पष्ट लिहिलं होतं: माझं सगळं आयुष्य तातीने नासलं, पुढच्या पिढ्यांनी पोलादी तारा वापराव्यात, पेटीला कामट्याच बऱ्या, आणि मेंढ्यांना हात लावू नये. शाई अजून ओली होती. मी म्हणालो, गुहेतली ओल.

चौथ्या दिवशी नेहमीच्या तारांवर, नेहमीच्या चाळीस मेंढ्यांनी, नेहमीचंच महास्तोत्र पहिल्यापासून गायलं. ढवळाबाई गाताना रडल्या. मी काही बोललो नाही.

ध्वनिमुद्रिकेवर ठळक अक्षरांत 'अस्सल' असं छापलं होतं. हत्तीने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "काय ऊब आहे. पोलादी तारांत ही मजा नव्हती." ते पत्र शोधून काढल्याबद्दल सिंहमहाराजांनी मला शाल दिली.

सत्कार झाल्यावर ढवळाबाई मुलीला घेऊन पाया पडायला आल्या.

"मास्तर, पोरगी वाचली ती तुमच्या पत्रामुळे," त्या म्हणाल्या. "आता एक करा. माझी आई गेली, त्याच्या आधी हे पत्र का नाही सापडलं, तेवढं या शालीवर हात ठेवून सांगा."

मी शाल सावरली आणि उडून गेलो. पिसं सगळी शाबूत होती.

तात्पर्य: अस्सलपणाचा आग्रह अवश्य धरावा. त्यासाठी लागेल तो त्याग करायला कचरू नये. फक्त पुस्तक शेवटपर्यंत आधी आपण वाचावं, आणि मेंढ्यांना वाचायला शिकवू नये.