बिनमालकी यंत्राची मालकीण

जगात एखादी वस्तू नुसती असून भागत नाही. ती कोणाची आहे, कशासाठी आहे आणि कधीपर्यंत असणार आहे, हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. नाहीतर ती आहे असं म्हणायचं तरी कसं? हे गहन सत्य त्या रुग्णालयाच्या संगणक विभागाला एका सोमवारी सकाळी अकरा वाजता उमगलं आणि सव्वाअकराला त्याचं परिपत्रक निघालं. (मधली पंधरा मिनिटं प्रिंटरमध्ये कागद अडकल्यामुळे गेली.)

संगणक विभाग दुसऱ्या मजल्यावर, पूर्वीच्या कपड्यांच्या कोठीत होता. कपडे गेले, तरी भिंतीवरच्या पट्ट्या काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे साहेब 'चादरी, मोठ्या' या पट्टीखाली बसत, नोंदणीबाई 'टॉवेल'खाली, आणि ज्याची ही गोष्ट आहे तो टॅगमास्तर 'उशांचे अभ्रे, फाटके' याखाली. टॅगमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने सत्तेचाळीस वर्षांत जे साधलं नाही ते या नावाने सहा महिन्यांत साधलं, म्हणजे लोक त्याला पाहून जागचे उठू लागले. (उठून दुसरीकडे जाऊ लागले, पण परिपत्रकात त्याबद्दल काही म्हटलेलं नाही.)

रुग्णालयाचे संगणक आता रुग्णालयात नव्हतेच. ते क्लाउडमध्ये होते. म्हणजे लांब कुठेतरी, दुसऱ्याच्या इमारतीत, पण आपल्या हुकमावर चालणारे. इथे एक बटण दाबलं की तिथे एक यंत्र तयार. सोय इतकी उत्तम, की दहा वर्षांत ज्याला ज्याला बटण दिसलं त्याने ते दाबलं. मोजदाद केली तेव्हा यंत्रं, साठवणी आणि किरकोळ सटरफटर मिळून एक हजार एकशे त्रेचाळीस नग भरले. हे कोणाचे, असं साहेबांनी बैठकीत विचारलं तेव्हा सगळ्यांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

म्हणून परिपत्रक. प्रत्येक नगाला चार टॅग, म्हणजे माहितीच्या चिठ्ठ्या, सक्तीचे: मालक, विभाग, उपयोग, मुदत. टॅगमास्तरने पायथन या संगणकाच्या भाषेत एकशे बारा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. ती रोज सकाळी सगळे नग एकेक करून तपासायची, टॅग रिकामा दिसला की सगळ्या विभागांना मेल पाठवायची, आणि तीन मेलना उत्तर आलं नाही की त्या नगाचं नाव शुक्रवारच्या यादीत टाकायची. शुक्रवारी दुपारी चार वाजता यादीतलं सगळं पुसलं जाणार होतं. टॅग रिकामा नाही ना, एवढंच ती बघत असे. जे भरलंय ते खरं आहे का, हे बघायला अक्कल लागते. आणि चांगल्या चाललेल्या यंत्रणेत अक्कल घुसली की ती लुडबुड करते, असं साहेबांचं अनुभवाचं मत होतं.

निकाल डोळे दिपवणारा होता. पाच आठवड्यांत नव्व्याण्णव पूर्णांक शून्य चार टक्के नगांना मालक मिळाले. 'मालक' या रकान्यात 'सगळे' असं लिहिणारे दोनशे चौदा, 'आधीचे साहेब' लिहिणारे एकशे सत्त्याऐंशी, 'विचारून सांगतो' लिहिणारे शहाण्णव. आणि नुसतं एक टिंब देऊन मोकळे झालेले तीनशे एकतीस. 'उपयोग' या रकान्यात सहाशे दोन जणांनी 'उपयोगी' असं लिहिलं. हाडांच्या एका डॉक्टरांनी 'तुम्हाला काय करायचंय' असं लिहिलं, तेही स्क्रिप्टने आनंदाने स्वीकारलं. संचालकांचं अभिनंदनाचं पत्र आलं. साहेबांनी ते काच लावून 'चादरी, मोठ्या'च्या बरोब्बर खाली टांगलं.

राहिले अकरा नग. त्यांना कोणी टिंबसुद्धा दिलं नव्हतं.

"साहेब, हे अकरा एकदा उघडून बघू का? काय करतात तरी कळेल," टॅगमास्तर म्हणाला.

"अजिबात नाही. उघडून बघितलं की जीव गुंततो," साहेब म्हणाले. "शुक्रवारी पुसून टाक. मग बघायचं, कोण बोंबलतं. जो बोंबलेल तो मालक. जगभर हीच पद्धत आहे."

आणि खरोखरच आहे. वस्तू काढून घ्यावी, कानोसा घ्यावा, आरडाओरडा झाला तर परत ठेवावी. याहून सोपं संशोधन अजून तरी निघालेलं नाही.

टॅगमास्तरने ते अकराही पुसले असते. पण त्याला एक आई होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, आणि तो तिला दर रविवारी अकरा ते अकरा-दहा या वेळात फोन करायचा. (न चुकता. चुकला तर पुढच्या रविवारी.) त्या रविवारी त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

"घेते की. ती रोज विचारते ना."

"ती कोण?"

"तुमच्या दवाखान्यातली. रोज सकाळी आठला फोन करते. तू रविवारी करतोस, ती रोज करते. मी काही म्हणत नाही हो, आपलं सांगितलं."

आई जेव्हा 'मी काही म्हणत नाही' असं म्हणते तेव्हा सगळं म्हणून झालेलं असतं, हे कळण्याइतका टॅगमास्तर मोठा होता. तो सोमवार-मंगळवार धुमसला. रुग्णालयात अशी फोन करणारी कोणी बाई नव्हती, याची त्याला पक्की खात्री होती. बाई नाही, म्हणजे यंत्र असणार. बुधवारी साहेब जेवायला गेल्यावर त्याने ते अकरा नग उघडले. दहा रिकामे निघाले. अकरावं एक टीचभर यंत्र होतं, नऊ वर्षं चालू असलेलं. कधीकाळी वॉर्डातल्या एका सिस्टरने, फावल्या वेळात शिकून, त्यात चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. सकाळी सात वाजता सुरुवात करून एकेका म्हाताऱ्या पेशंटला फोन लावायचा, रेकॉर्ड केलेल्या आवाजात विचारायचं, "गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा." एक दाबला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा. तरीही नाही दाबला तर वॉर्डात घंटा. यादीत एकसष्ट नंबर होते. सिस्टर तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेल्या, आणि त्यानंतर यादीत नवीन नाव गेलं नाही, कारण ही यादी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. एकसष्टावा, म्हणजे शेवटचा नंबर त्याच्या आईचा होता. सिस्टर गेल्या त्याच वर्षी, त्या जाण्याआधी, आई गोळी विसरून स्वयंपाकघरात पडली होती आणि चार तास तशीच पडून होती.

स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रश्नानंतर चाळीस सेकंद फोन चालू ठेवून थांबायचं, अशी एक ओळ होती. एक दाबायला चाळीस सेकंद कशाला लागतात? ओळीपुढे सिस्टरने टीप लिहिली होती: 'घाई करू नये. त्यांना बोलायचं असतं.'

शुक्रवारी चारला हे पुसलं जाणार, शनिवारी फोन येणार नाही, आणि बोंबलणार कोण? आई तर नक्कीच नाही. ती म्हणेल, पोर कामात असेल बिचारी. आणि गोळी राहील.

तो 'टॉवेल'कडे धावला. नोंदणीबाईंकडे नियमांची वही होती, आणि त्यांना ती पाठ होती, ही त्याहून गंभीर बाब.

"अकराव्या नगाला मालक लावायचाय. माझं नाव घाला."

"स्क्रिप्ट चालवणाऱ्याला मालक होता येत नाही. कलम सहा. उद्या तू सगळंच स्वतःच्या नावावर करशील."

"मग वॉर्डाचं नाव घाला."

"वॉर्ड म्हणतो, आमचं नाही. लेखी म्हणतो." त्यांनी पान उलटलं. "शिवाय मालक बदलायचा तर आत्ताच्या मालकाची संमती लागते."

"अहो बाई, आत्ताचा मालकच नाहीये! म्हणून तर आलोय!"

"मग संमती कशी देणार तो?" नोंदणीबाई कळवळून म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. वाईट वाटण्याला कुठल्याच कलमात मनाई नव्हती.

साडेपाच वाजले तरी टॅगमास्तर वही सोडेना. शेवटी परिशिष्टात, चहाच्या एका डागाखाली, त्याला ते वाक्य सापडलं: 'मालक अज्ञात असल्यास, सदर नगाने ज्या व्यक्तीशी शेवटचा संपर्क साधला, ती व्यक्ती तात्पुरती मालक समजावी.' हे मेलच्या खात्यांसाठी लिहिलेलं होतं. पण मेलचीच खाती असं काही लिहिलं नव्हतं. आणि हे यंत्र रोज शेवटचा संपर्क कोणाशी साधतं?

गुरुवारी सकाळी पावणेआठला तो आईच्या दारात उभा राहिला. आठवड्याच्या मधल्या दिवशी मुलगा दारात बघून आईने आधी विचारलं, "नोकरी गेली का रे?" नाही म्हटल्यावर चहा टाकला. आठला फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला, गोळी घेतली का हे नीट ऐकून घेतलं, एक दाबला आणि बोलायला लागली. गुडघा कालच्यापेक्षा बरा आहे. खालच्या मजल्यावरचं बाळ रात्रभर रडलं. आणि हे बघ, आज मुलगा आलाय, गुरुवार असून. चाळीस सेकंद झाले, फोन बंद पडला. तिने वाक्य तिथेच सोडलं. कुठे सोडायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं.

"आई, ते यंत्र आहे," टॅगमास्तर हळूच म्हणाला.

"मला काय कळत नाही होय? तीन वर्षं रोज एकाच आवाजात विचारायला माणूस आहे का ते!" आई म्हणाली. "यंत्र असून रोज करतं, एवढंच माझं म्हणणं. चहा पी, गार होतोय."

त्याने फॉर्म पुढे केला. आईने तात्पुरती मालक म्हणून संमती दिली आणि कायमची मालक म्हणून ती स्वीकारली, अशा दोन सह्या, एकाच पेनाने. 'मुदत'पाशी ती अडली.

"इथे काय?"

"किती दिवस लागेल ते."

"ते मला काय माहीत? मी आहे तोवर, असं लिही."

त्याने तसंच लिहिलं. तिथे खरं तर तारीख लागत होती. पण शुक्रवारी दुपारी तीन-चाळीसला फॉर्म यंत्रणेत गेला, आणि स्क्रिप्टने नेहमीसारखं बघितलं की रकाना रिकामा नाही, आणि सोडून दिलं. आपल्या स्क्रिप्टला अक्कल नाही याचा टॅगमास्तरला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला. चारला दहा नग पुसले गेले. शनिवारी आठला आईचा फोन वाजला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण तिमाही अहवाल यायचा होता.

त्या अहवालात असं दिसलं, की 'हे तुम्हाला अजून लागतं का?' या मेलवर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या मालकांचं प्रमाण नऊ टक्के आहे. ('सगळे' यांनी एकदाही उत्तर दिलं नव्हतं. 'आधीचे साहेब' यांच्याकडून अपेक्षाही नव्हती.) फक्त एक मालकीण रोज, रविवार धरून, उत्तर देते: शंभर टक्के. (गोळीसाठी दाबलेला 'एक'ही यंत्रणेने उत्तर म्हणूनच धरला होता.) साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी टॅगमास्तरला बोलावून तिची पद्धत विचारली. तो म्हणाला, तिला फोन करून विचारतात आणि ती एक दाबते. हे ऐकून साहेबांनी अभिनंदनाच्या पत्राशेजारी आणखी एका पत्राची जागा मोजली. आणि मग नवीन परिपत्रक निघालं.

यंत्रांना जी शिस्त लागली ती माणसांना का नको? आता प्रत्येक कर्मचाऱ्याला चार टॅग. मालक स्वतः असता कामा नये आणि रुग्णालयही नाही; बाहेरची, फोन उचलणारी एक व्यक्ती हवी. तिला दर तीन महिन्यांनी त्या छोट्या यंत्रावरून विचारलं जाईल. टॅगमास्तरनेच स्क्रिप्टमध्ये ती ओळ लिहिली. 'मालक'मध्ये त्याने आईचं नाव घातलं. 'उपयोग'पाशी अर्धा तास बसला, आणि एक टिंब दिलं.

पहिल्या फेरीच्या सकाळी तो पडद्यासमोर बसून बघत होता. आठ वाजता गोळीचं विचारून झालं, आणि आईला पुन्हा फोन लागला. "आपल्या नावावर एक मुलगा नोंदलेला आहे. तो अजून लागतो का? लागत असेल तर एक दाबा." दहा सेकंद. वीस. तीस. पस्तीस. साहेब चहा घेऊन मागे येऊन उभे राहिले. अडतिसाव्या सेकंदाला एक उमटला.

त्याने लगेच फोन लावला. बुधवार होता.

"आई, एवढा वेळ काय लावलास गं?"

"अरे, सांगत होते ना तिला तुझ्याबद्दल. चाळीस सेकंद थांबते ती. पुरतात कुठे?"

त्या फेरीत एकशे सात कर्मचाऱ्यांपैकी सव्वीस जणांच्या नावापुढे काहीच उमटलं नाही. चौकशीत आढळलं की त्यांच्या मालकांनी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी फोन उचललाच नव्हता. अनोळखी नंबर होता, आणि सकाळची गडबड. परिपत्रकानुसार न उचललेला फोन हा नकार समजतात, त्यामुळे ते सव्वीस जण सध्या शुक्रवारच्या यादीत आहेत.

तेव्हा आज सकाळी आठच्या सुमाराला, दात घासताना, तुम्ही जो अनोळखी नंबर कापलात, तो काही कुठल्या जाहिरातीचा नव्हता. तुमच्या नावावर कोणीतरी एक जण नोंदलेला आहे. कोण ते आम्ही सांगू शकत नाही, आठवून बघा. तुमच्याकडे शुक्रवार चारपर्यंत वेळ आहे.